शाळेत मुलांना एम्पथी शिकवता येते का? कितवीपासून सुरू करावं?

येते. एम्पथी म्हणजे समोरच्याला काय वाटतंय ते समजून घेणं, पण ते सुविचार लिहून नाही येत, हे आधीच सांगते. आपल्या मूल्यशिक्षणाच्या यादीत संवेदनशीलता आहे आणि वक्तशीरपणाही आहे, माझं शाळेतलं सगळं भांडण या दोघांवरूनच झालं.

मुंबईत शिवडीला मी सहावीला शिकवायचे. एक मुलगा कायम लेट. लेट आलेल्यांनी गेटजवळ उभं राहायचं, मग मुख्याध्यापक सगळ्यांसमोर विचारणार, काय साहेब, झोप झाली का? की पोरं हसणार. त्याची झोपडी रस्तारुंदीत गेलेली, घर मिळालं लांब मानखुर्दला, नाव मात्र आमच्याच शाळेत. मी मराठीच्या तासाला निबंध दिला, बाकावर शेजारी बसणाऱ्याचा कालचा दिवस लिहा, त्याला विचारून विचारून, आणि 'बिचारा' शब्द दिसला तर मार्क कापणार. त्याच्या शेजारची मुलगी समोरच्याच चाळीतली, हसण्यात सगळ्यात पुढे. तिने लिहिलं की लिफ्ट बंद असते म्हणून हा पाण्याचे कॅन वर चढवतो, बहिणीला मावशीकडे सोडतो, मग हार्बर लाइनची लोकल पकडतो, आणि कुर्ल्याला गाडी एवढी भरते की कधीकधी शिवडीला उतरताच येत नाही, कॉटन ग्रीनला उतरून मागे चालत येतो. वाचून झाल्यावर कोणी रडलं वगैरे नाही. पोरांनी विचारलं, कॅन किती लिटरचा? कुर्ल्यानंतर दरवाज्याकडे का नाही सरकत? मला हेच हवं होतं. मुलं दुष्ट नसतात हो, त्यांना माहीत नसतं.

मुख्याध्यापक म्हणाले, बाई, हे सिलॅबसमध्ये आहे का? आणि त्याच वर्षी त्यांनी संवेदनशीलतेवर पोस्टर स्पर्धा घेतली, पहिलं बक्षीस कोणाला, तर याला 'लेट लतीफ' चिडवणाऱ्याला! चित्र छान होतं म्हणे.

कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६ ला सुरू केलेल्या उपक्रमात वर्गात खरंखुरं तान्हं बाळ आणतात, वर्षभर अधूनमधून, आणि मुलं ओळखायला शिकतात की त्याला आत्ता काय वाटतंय. म्हणजे समोर एक खरा जीव हवा. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ ला नर्सरी ते आठवी हॅपिनेसचा तास आला, वाईट नाही, पण कुठल्याही शाळेत त्या तासानंतर मुलाचा चारचौघांत अपमान होत असेल तर मुलं अपमानच शिकणार.

हां, एक राहिलं. घरचं सांगायचं नसेल त्या मुलाला अजिबात खोदू नका, घरात दारू, मारहाण काहीही असतं. त्याला फक्त शाळेत येण्याचा रस्ता विचारा. आणि साठ मुलांच्या वर्गात हे एका तासात होत नाही, आठवडाभर पुरवायचं.

कितवीपासून म्हणाल तर पहिलीतही चालतं, तोंडी. शिस्त बिघडेल म्हणणारे भेटतीलच, आमचे ते मुख्याध्यापक सर अजून जुन्या स्टाफच्या ग्रुपवर लिहितात की बाईंनी पोरं डोक्यावर बसवली. मी भांडून माझ्या वर्गापुरती ती गेटची शिक्षा बंद केली होती, आणि सर हे वाचत असतील तर त्या वर्षीचं हजेरीपुस्तक काढून बघा, बाकी एकही पोरगं त्यामुळे लेट यायला लागलं नाही.