होम स्टडीला पडदे बदलू नका: दत्तकाबद्दल आलेल्या काही प्रश्नांची उत्तरं

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागात मी बरीच वर्षं दत्तकासाठी होम स्टडी करते, म्हणजे मूल दत्तक मागणाऱ्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून रिपोर्ट लिहिते. गेल्या काही महिन्यांत आलेले प्रश्न एकत्र केले तर गोंधळ तोच आहे, फक्त गावाचं नाव बदलतंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. नावं अर्थातच देत नाही.

प्रश्न: आम्ही शहापूरला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. होम स्टडीत नापास करतील का? मिस्टर म्हणतात आधी फ्लॅट बुक करू, मग रजिस्ट्रेशन करू.

भाड्याचं घर चालतं. फ्लॅटसाठी थांबू नका, कारण तुमचा वेटिंगमधला नंबर कारिंग्ज या सरकारी दत्तक पोर्टलवरच्या नोंदणीवरून धरतात आणि तुम्ही इकडं ईएमआयचं गणित मांडत बसलात की तिकडं रांग वाढत जाते.

होम स्टडी म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम नव्हे. मी जाते तेव्हा नवे पडदे लावलेले असतात, टेबलावर कुंद्याचा बॉक्स असतो, नवरा-बायको घरातच इस्त्रीचे कपडे घालून बसलेले असतात आणि मला त्यातलं काहीच लिहायचं नसतं. मला बघायचं असतं की तुमच्या दोघांचं आपसात कसं आहे, दोघांनाही मूल हवंय की एकालाच, मूल न झाल्याचं दुःख बोलून झालंय की आत साठून आहे, घरातल्या बाकीच्यांना काय वाटतं, तुम्ही कामावर गेल्यावर बाळापाशी कोण असणार, कर्ज किती, आजारपण काय. दोघांशी वेगवेगळं बोलणं होतं. बीपीची गोळी असेल तर सांगा, आधीचं लग्न असेल तर सांगा. गोळीमुळं कुणी अडत नाही, लपवल्यामुळं अडतं. आणि समजा नाकारलंच तर कारण कळवावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं, त्यामुळं घाबरून खोटं बोलायची काही गरजच नाही.

प्रश्न: माझं वय ४६, बायकोचं ४१. तान्हं बाळ मिळेल का?

नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, तुमची ८७ होते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा ९० आहे, तिथं तुम्ही बसता. उद्या नको, आज नोंदणी करा.

प्रश्न: कागदपत्रं अपलोड करून चार महिने झाले, अजून होम स्टडीला कोणीच आलं नाही. ओळखीचे म्हणतात सरकारी काम आहे, गप बसा.

गप बसू नका. कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत होम स्टडी व्हायला पाहिजे, असं नियमातच आहे. पोर्टलवर तुम्ही निवडलेल्या संस्थेला किंवा जिल्हा बाल संरक्षण घटकाला ईमेल करा, रजिस्ट्रेशन नंबर लिहा, तारीख मागा. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर राज्याच्या दत्तक यंत्रणेला लिहा. फोनवर भांडून काही होत नाही, लेखी पाहिजे. मी याच कामातली असून सांगते, हा उशीर मला सहन होत नाही, कारण चार महिने आमच्या टेबलावर गेले तरी वय तुमचं वाढत असतं.

पण आधी एक बघा, सगळी कागदपत्रं खरंच चढली आहेत का. पुष्कळदा मेडिकल सर्टिफिकेट नाहीतर मॅरेज सर्टिफिकेट अस्पष्ट असल्यामुळं फाइल अडकून पडलेली असते आणि लोक पोर्टल उघडतच नाहीत. होम स्टडी रिपोर्ट तीन वर्षं चालतो हेही लक्षात ठेवा. वेटिंग लांबलं तर तो पुन्हा करून घ्यावा लागतो, मुदत संपायच्या आधीच विचारा.

प्रश्न: माझा जन्म गडहिंग्लजचा, दाखला मराठीत आहे. आता आम्ही संकेश्वरला आहोत. कोल्हापुरात वेगळी नोंदणी केली तर दोन नंबर लागतील ना?

दोन नंबर लागत नाहीत. नोंदणी देशभर एकच असते, आधार आणि पॅनवर. होम स्टडी तुम्ही राहता तिथं होणार, म्हणजे संकेश्वरला. दाखला कुठल्या राज्यातला आहे यावरून अडत नाही, कुणी भाषांतर मागितलं तर वाद न घालता करून द्या. सीमाभागात कागदांवरून भांडायची आपल्याला सवय लागली आहे, इथं तरी ती नको.

प्रश्न: ओळखीच्या एका नर्सबाईनं सांगितलंय की एका नर्सिंग होममध्ये कुमारी मातेचं बाळ होणार आहे. दवाखान्याचा खर्च आणि थोडे वरचे दिले की बाँडपेपरवर सही करून बाळ आमचं. जन्मदाखल्यावर पण आमचंच नाव घालून देणार. साडेतीन वर्षं थांबण्यापेक्षा हे बरं नाही का?

हे मूल विकत घेणं आहे. दुसरा शब्द माझ्याकडं नाही.

बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि दवाखान्यातलं माणूस त्यात असेल तर कमीत कमी तीन आणि सात वर्षांपर्यंत. बाँडपेपरला शून्य किंमत आहे. खोट्या जन्मदाखल्याचा गुन्हा वेगळाच. उद्या केस उभी राहिली तर बाळ तुमच्या मांडीवरून काढून घेऊन संस्थेत ठेवतात, मग ते दोन महिन्यांचं असो नाहीतर दोन वर्षांचं. अशी एक आई मी बघितली आहे, तिच्या हातात दुधाची बाटली तशीच राहिली होती. आणि ती नर्सबाई? तिचा फोन बंद.

त्या मुलीचा पण विचार करा जरा. तिला खरंच बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ती बालकल्याण समितीपुढं जाऊन बाळ सोपवू शकते, तिचं नाव गुप्त राहतं आणि तिला परत विचार करायला ६० दिवस मिळतात. नर्सबाईच्या सौद्यात तिला सहा तास पण मिळत नाहीत. तुम्हाला जे कळलंय ते १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. आणि पैसे दिले असतील तर आजच वकिलाला भेटा, मला परत मेसेज करत बसू नका.

प्रश्न: आम्ही निपाणीजवळच्या गावात राहतो. रजिस्ट्रेशन होऊन दोन वर्षं झाली. सासूबाईंना आणि भावकीत कुणालाच सांगितलेलं नाही. ठरवलंय असं की बाळ मिळायची वेळ आली की मी पुण्याला बहिणीकडं जाऊन राहणार आणि डिलिव्हरी झाली म्हणून बाळ घेऊनच येणार. बाळाला पण कधीच सांगायचं नाही, उगीच त्याच्या मनाला कशाला लावून घ्यायचं. होम स्टडीची मॅडम शेजारी काही बोलणार नाही ना?

ताई, मॅडम शेजारी काही बोलणार नाही. पण तुमचं बाकीचं सगळं मला मान्य नाही आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे.

एका घरी मी होम स्टडीला गेले होते. म्हातारी सोप्यात शेंगा फोडत बसलेली. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "कर्ज किती मंजूर करतायसा?" पोरानं सांगून ठेवलं होतं की बँकेच्या मॅडम येणार आहेत. आता ज्या घरात आजीलाच माहीत नाही, तिथं घरच्यांची मानसिक तयारी या रकान्यात मी काय लिहू? मी रिपोर्ट तिथंच थांबवला आणि त्या दोघांना समुपदेशनाला बोलावलं. नंतर पोरानं आईला सांगितलं तेव्हा ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. दत्तकाचा राग नव्हता तिला. बँकेच्या मॅडम म्हणून फसवलं याचा राग होता. पुढच्या वेळी मी गेले तर तिनं मला एकच विचारलं, बाळाला अंगावरचं दूध नसणार तर मग काय घालायचं.

ही झाली घरच्यांची गोष्ट. मुलाची याहून अवघड असते. भावकीत अशी गोष्ट कधीच झाकून राहत नाही, ती फक्त वेळ बघत असते. एका दहावीतल्या पोराला जमिनीच्या वाटणीच्या भांडणात चुलत्यानं तोंडावर सांगितलं, तू कोण आमचा. आईबाप त्याला माझ्याकडं घेऊन आले. तासभर तो काहीच बोलला नाही, चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला होता. मग विचारलं, "माझा वाढदिवस तरी खरा आहे का?" पंधरा वर्षं जीव लावलेले आईबाप शेजारी बसलेले आणि त्या पोराला आता स्वतःच्या वाढदिवसाची पण खात्री नव्हती. दत्तक असल्यामुळं त्याचं एवढं बिघडलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं आणि आपल्यालाच नाही, ते त्याच्या जिवाला लागलं होतं.

आणि कायद्यानं पण हे लपत नाही. अठरा वर्षं झाली की मूल स्वतः अर्ज करून आपल्या मुळाची माहिती मागू शकतं. म्हणजे तुम्ही नाही सांगितलं तर फाइल सांगेल, नाहीतर चुलता सांगेल.

सांगायचं कधी, तर पहिल्या दिवसापासून. बाळाला काही कळत नसतं तेव्हाच मांडीवर घेऊन म्हणायला लागा की आम्ही तुला आणायला गाडीनं गेलो होतो, पाऊस पडत होता, तू निळं झबलं घातलं होतंस. म्हणजे तुमच्या तोंडाला तो शब्द बसतो. तीन-चार वर्षांचं झालं की ते स्वतःच म्हणतं, मला आणायला गेलेलं ते सांग. त्याच्या लेखी ती आवडीची गोष्ट असते, गुपित नसतं. बेळगावात आपण रोज चन्नम्मा सर्कलवरून जातो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, इंग्रजांनी ते दत्तक मानलं नाही आणि राणी लढायला उभी राहिली. त्याच जिल्ह्यात घरातल्या घरात दत्तक शब्द दबक्या आवाजात बोलतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेटिंगची ही वर्षं कशाला वापरायची असा प्रश्न मला सारखा येतो. याला वापरा. आधी सासूबाईंना सांगा, मग नणंदेला, मग भावकीत ज्याच्या तोंडात काही राहत नाही त्याला. रडारड होईल, कुणीतरी रक्त-बिक्त काढेल, होऊ दे. ते सगळं बाळ यायच्या आधी होऊन जाऊ दे. जमत नसेल तर दोघं मिळून समुपदेशकाकडं जा, सासूबाईंना पण न्या. पुण्याचं तिकीट मात्र काढू नका.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे, वय ३७, लग्न केलेलं नाही. एकटीला मूल मिळतं का?

मिळतं, मुलगा किंवा मुलगी दोन्ही. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत, बाईला ती अट नाही. तुम्हाला काही झालं तर मूल सांभाळीन असं जवळच्या नातेवाइकाचं लेखी लागतं, ते भावाकडून घेणार असाल तर वहिनीशी पण बोलून घ्या.

प्रश्न: धाकट्या दिराला दोन मुलगे, आम्हाला मूल नाही. एक मुलगा आम्हाला द्यायला ते तयार आहेत. गावात भटजी बोलावून, पंचांसमोर ओटीत घातलं की झालं ना? का नोटरी करावी?

नोटरीनं दत्तक होत नाही. तुम्ही हिंदू असाल तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं दत्तक घेता येतं, पण मूल १५ च्या आतलं पाहिजे, देणाऱ्या आईबापाची दोघांची संमती पाहिजे, दत्तकपत्र करून ते सबरजिस्ट्रारकडं नोंदवून घ्या. दुसरा रस्ता बाल न्याय कायद्यातला, नात्यातलं दत्तक म्हणून, त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्याकडं डीसी. कोर्टात जावं लागतं हे जुनं झालं, १ सप्टेंबर २०२२ पासून हे काम डीसींकडं आलंय. यातला कुठला रस्ता तुम्हाला बरा ते वकिलाला विचारा. आणि जाऊबाईंशी एकट्यानं बोला, घरातले पुरुष समोर नसताना.

प्रश्न: एक एजंट म्हणतोय २५ हजार दिले तर वेटिंग नंबर वर करून देतो.

करू शकत नाही. पोलिसात द्या त्याला.

प्रश्न: आम्हाला काल संध्याकाळी रेफरल आला, म्हणजे पोर्टलवर आमच्यासाठी एका बाळाची माहिती आली. सव्वा वर्षाची मुलगी आहे. मेडिकल रिपोर्टमध्ये वजन कमी आणि विकास थोडा मागं असं लिहिलंय. ठरवायला ४८ तास आहेत म्हणतात. घरात दोन मतं आहेत. नको म्हटलं तर नंबर जातो का?

तुमच्या हातात आता दीड दिवस पण नाही, म्हणून मुद्द्याचं सांगते. फोटो बघून ठरवू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर टाकूच नका, त्या मुलीचं खासगीपण आहे. रिपोर्टची प्रिंट काढा आणि आजच्या आज तुमच्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाकडं जा, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडं नव्हे. त्यांना विचारा की डोक्याचा घेर वयाप्रमाणं आहे का, बसते कधीपासून, ऐकू येण्याची तपासणी झाली आहे का, आणखी कुठली टेस्ट मागायची. संस्थेत वाढलेली पुष्कळ बाळं वजनाला कमी असतात आणि घरात आली की भरतात, पण तुमच्या रिपोर्टमधलं मागं म्हणजे नेमकं काय ते डॉक्टरच सांगतील, मी सांगणार नाही.

४८ तासांत रिझर्व्ह केलं, म्हणजे पोर्टलवर होय म्हटलं, की सगळं संपलं असं नाही. त्यानंतर संस्थेत जाऊन मुलीला भेटून ठरवायला ३० दिवस मिळतात, तिथं तुमच्या डॉक्टरला दाखवून घेता येतं. नको म्हटलं तर नंबर लगेच जात नाही, तीन रेफरल असतात. तिन्ही नाकारले तर मात्र एक वर्ष बंदी लागते. ज्याचं मन नाही त्याला ओढून होय म्हणायला लावू नका, पण त्याला पण डॉक्टरकडं सोबत न्या. सकाळी ओपीडीला गर्दी असते, नऊच्या आत पोचा.