कर्नलसाहेबांचा बस ड्रायव्हर

परळहून एका वाचकाने विचारलं आहे: 'ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या एका छोट्या ड्रायव्हरचं, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमचं, टिपण मराठीत लिहितोय. हार्डवेअरपर्यंत पोचायच्या पत्त्यांचा अमुक पट्टा आधी कुणी घेतलाय का, हे तो पाहतो. मोकळा असला तर आपल्या नावावर लावतो आणि काम झालं की सोडतो. मी लिहिलं, "सदर कर्नल बस चालक हा हार्डवेअर बसच्या संसाधनांचे वाटप व मुक्ती व्यवस्थापित करतो." सगळे हसले. कर्नलसाहेब बेस्टमध्ये कधी लागले, असं एकाने विचारलं. बस आणि ड्रायव्हर यांना मराठी शब्द काय वापरू?'

हसणाऱ्यांना दोष देता येत नाही. लष्करातला कर्नल आणि संगणकातला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा मधला, मुख्य भाग) देवनागरीत एकसारखेच दिसतात, त्यात पुढे 'बस चालक' आला की कुलाब्याची छावणीच डोळ्यांपुढे येते. इथे सरळ 'गाभा' लिहा. केळीचा असतो तोच. शिवाय गाभ्यात, गाभ्याला, गाभ्यातून असा तो मराठी वाक्यात निमूट वळतो.

'बस' मात्र बदलू नका. मूळ लॅटिन 'ऑम्निबस', म्हणजे सर्वांसाठी. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये कुणीही पैसे देऊन बसावं अशा घोडागाड्यांना ते नाव पडलं आणि पुढे शेपटाकडचं 'बस' तेवढं उरलं. विजेच्या पॅनेलमध्ये सगळ्या जोडण्यांना सामाईक असलेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, तिलाही याच शब्दावरून बसबार म्हणतात. आपले वायरमनही बसबारच म्हणतात. संगणकातली बस म्हणजे अनेक उपकरणांची सामाईक वाट. मुंबईत तर रस्त्यावरची बस आणि विजेची बस एकाच घरच्या. बेस्टच्या नावात वीजपुरवठाही आहे आणि परिवहनही. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी तिची पहिली बस धावली, तेव्हा कंपनी वीज आधीपासूनच विकत होती. तेव्हा हा शब्द परका मानायचं मुंबईकराला तरी कारण नाही.

अडचण येते ती अनेकवचनाची. भिंत-भिंती या चालीवर बस-बशी केलं तर चहा ओतावा लागेल. रस्त्यावर आपण 'बसगाड्या' म्हणून सुटतो, पण मदरबोर्डवर गाडी कुठून आणणार? 'बसेस' चालतं, मला खटकतं. 'दोन्ही बसवर' असं वाक्य फिरवून घ्या. लिंग स्त्रीलिंगीच ठेवा.

'चालक' व्याकरणाने शुद्ध आहे, पण 'बस'शेजारी बसला की स्टिअरिंग धरतोच. ड्रायव्हरच लिहा.

आता तुम्ही जे विचारलंच नाही ते. तुमचं वाक्य खरं तर फसलंय ते क्रिया सांगणाऱ्या शब्दांमुळे. 'वाटप' कोण करतं? पीसीआय बसवर (मदरबोर्डवर कार्डं जोडायची बस) कुठल्या कार्डाला कुठले पत्ते, हे फर्मवेअर (मदरबोर्डमध्येच भरलेला प्रोग्रॅम) किंवा गाभा ठरवतो. तुमचा ड्रायव्हर काही वाटत नाही, तो राखतो. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो, अगदी तसं. लिनक्समधलं 'रिक्वेस्ट रीजन' हे फंक्शन म्हणजे हा रुमाल. त्याने हार्डवेअरला बोटही लागत नाही, गाभ्याच्या यादीत तेवढी नोंद होते. दुसऱ्या ड्रायव्हरने तोच पट्टा मागितला तर त्याला नकार मिळतो आणि तो बहुधा 'बिझी' अशी चूक कळवून परत फिरतो. पण एखादा आडदांड न विचारताच त्या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्यांवर, लिहू लागला तर ही नोंद त्याला अडवत नाही. रुमाल उचलून खाली टाकणारे असतातच. म्हणून 'ताब्यात घेतो' असं लिहू नका, 'राखतो' लिहा. शिवाय राखला म्हणजे बसलो असंही नाही. मेमरीतला पट्टा असेल तर तो पुढे वेगळा मॅप करावा लागतो, म्हणजे ड्रायव्हरला वापरता येतील अशा पत्त्यांशी जोडावा लागतो.

ही यादी मुलांना प्रत्यक्ष दाखवा. 'प्रोक' या फोल्डरातली 'आयओपोर्ट्स' फाइल सुपरयूझर (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून उघडा. नेहमीच्या पीसीवर ६० आणि ६४ (हे आकडे सोळाच्या पायावरचे) यांच्यापुढे कीबोर्डचं नाव सापडेल. नाव विणलेला रुमालच!

'मुक्ती'ही नको. ती संतांना मिळते. पट्टा आपण 'सोडतो'. ड्रायव्हर गाभ्यातून काढताना सोडायचा राहिला, तर प्रवासी उतरून गेला तरी रुमाल सीटवरच राहतो, आणि तोच ड्रायव्हर पुन्हा चढवायला गेलात तर त्यालाच जागा मिळत नाही. नव्या मुलांची ही हमखास होणारी चूक आहे, टिपणात तिला एक वाक्य द्याच.

'संसाधन' व्याख्येत एकदा येऊ द्या. नंतर त्या वस्तूचं नाव घ्या: पत्त्यांचा पट्टा, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) क्रमांक, जे असेल ते. 'व्यवस्थापित करतो' मात्र काढून टाका, त्यातून ड्रायव्हर नेमकं काय करतो ते कळत नाही.

मी असं लिहिलं असतं: 'हा ड्रायव्हर बसवरचा पत्त्यांचा पट्टा मोकळा आहे का ते पाहतो आणि असल्यास आपल्या नावावर राखतो. पट्टा दुसऱ्याने राखलेला असेल, तर काहीही न करता चूक कळवून परत फिरतो. गाभ्यातून काढला जाताना राखलेला पट्टा सोडतो.'

'सदर' गेलं, तुमच्या लक्षात आलंच असेल. ते पोलीस पंचनाम्यात शोभतं.