ताई, फ्रिज उघडवत नाही!

यावेळी पत्रं काय मेल काय, सगळीकडे वासच वास! म्हणून म्हटलं एकदाच सगळे घेऊन टाकू. एक विनंती आहे, प्रश्न लिहिताना वास कसला ते नीट लिहीत जा. कुबट, आंबूस, वशाट, जळका, आपल्याकडे शब्द काय कमी आहेत का? नुसतं 'घाण वास येतो' म्हटलं की मी इथे बसून काय ओळखणार!

प्रश्न: मे महिन्यात आम्ही सगळे 12 दिवस गावी गेलो होतो. फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्या आणि सोललेली कोळंबी तशीच राहिली आणि मागे कधीतरी एमसीबी पडला. परत आलो तर जिन्यापर्यंत वास. सगळं फेकलं, तीनदा साबणाने धुतलं, बेकिंग सोड्याची वाटी ठेवून आठवडा झाला, तरी दार उघडलं की येतोच. फ्रिज भंगारात द्यायचा का? (डोंबिवली)

थांबा हो, भंगारवाल्याला एवढ्यात हाक मारू नका. आधी सोड्याचं सांगते. सोडा आंबट वासावर छान चालतो, म्हणजे नासलेलं दूध, फसफसून वर आलेलं इडलीचं पीठ वगैरे. माशाचा वशाट वास बरोबर उलट्या जातीचा, तो अमाइन नावाच्या अल्कलीसारख्या द्रव्यांचा असतो, त्याला मारायला आंबटच लागतं. आपण बांगड्याला लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळतो ते काय नुसतं चवीसाठी? तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, प्लग काढून ठेवा, ट्रे, काचा, भाजीचा डबा सगळं बाहेर काढा, आणि आतून पुसून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. गार काचेवर कढत पाणी ओतू नका, तडकते.

आता खरी गोम. फ्रीझर वितळला तेव्हा ते सगळं पाणी गेलं कुठे? आत मागच्या बाजूला खाली एक बारीक भोक असतं (काही मॉडेलमध्ये पॅनेलच्या मागे लपलेलं असतं), तिथून नळीने ते मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने सुकतं. तुमच्या सुरमईचं पाणी तिथे बसलंय आणि फ्रिज चालू झाला की रोज शेकलं जातंय! भोकातून कोमट व्हिनेगरचं पाणी हळूहळू सोडा, आणि ट्रे निघत असेल तर काढून घासा, स्क्रूने बसवलेला असेल तर मेकॅनिककडून काढून घ्या. मी माझ्या फ्रिजचा तो ट्रे 9 वर्षांनी पहिल्यांदा बघितला, त्यात काय होतं ते लिहीत नाही, काही जण हे सदर जेवताना वाचतात म्हणे. दाराच्या रबराच्या घड्यासुद्धा विसरू नका, जुन्या टूथब्रशने एकेक घडी उघडून घासा.

मग दोन दिवस प्लग काढलेलाच ठेवून दार उघडं, पंखा समोर (घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवा, आत शिरून बसतात). नंतर बंद करताना आत चुरगळलेला पेपर आणि बशीत कॉफी पावडर. एवढं करूनही आला तर मात्र पाणी भिंतीतल्या फोममध्ये मुरलंय, ते आपल्या हातात नाही, तेव्हा भंगारवाला.

प्रश्न: फ्रंट लोड मशीन आहे, पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाच कुबट वास येतो. पावडर वाढवली, कम्फर्ट वाढवलं, उपयोग शून्य. (पुणे)

वाढवलंत तिथेच चुकलं! जास्तीची पावडर आणि सॉफ्टनर पूर्ण धुतलं जात नाही, ड्रमच्या मागे त्याचा बुळबुळीत थर बसतो आणि त्याच्यावरच ते कुबट वासवाले जंतू पोसले जातात. त्यात आपण कायम गार पाण्यावर धुणार आणि धुणं झालं की दार धाडकन बंद. दाराच्या रबराची घडी बोटाने ओढून बघा, काळं काळं काहीतरी, एखादं नाणं, बाळाचा मोजा, सगळं तिथे सापडेल. खाली कोपऱ्यातलं ड्रेन फिल्टरचं झाकण उघडा, आधी खाली ताट आणि जुनं फडकं ठेवा नाहीतर गॅलरीभर पाणी. मग रिकामं मशीन टब क्लीनवर किंवा 60 डिग्रीच्या वर फिरवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच वेळी कधी कधी कधी घालायचं नाही, क्लोरीन गॅस तयार होतो. आणि रबरावर सारखं सारखं व्हिनेगरही नको, खराब होतं. पावडर निम्मी करा आणि दार उघडं ठेवा, एवढ्यानेच बराच फरक पडेल.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, तरी स्वयंपाकघरात मधूनच मासळीसारखा वास येतो. फ्रिज दोनदा साफ केला. सासूबाई म्हणतात शेजारी करत असतील, पण संध्याकाळी ओव्हन लावला की जास्त येतो. (सांगली)

तुम्हाला मेलवर लगेच कळवलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. शेजाऱ्यांचा काही दोष नाही हो! प्लग, सॉकेट किंवा वायर तापली की त्याच्या प्लास्टिकला कधी कधी हुबेहूब मासळीसारखा वास सुटतो. मायक्रोवेव्ह, ओव्हन, गीझर यांना 16 अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं, आपण अडॅप्टर लावून 6 वाल्यात घुसवतो. बटण बंद, मेन बंद, मगच प्लग काढून बघा, पिन काळवंडलीय का, सॉकेटभोवती पिवळा-तपकिरी डाग आहे का. असेल तर परत लावायचं नाही, वायरमन येईपर्यंत चहा गॅसवरच. (ताज्या मेलमध्ये त्यांनी कळवलंय की सॉकेटचा अर्धा भाग वितळलेला निघाला.)

प्रश्न: मिक्सरच्या भांड्यात लसणीची चटणी केली, आता वेलदोड्याची पूडपण लसणीचीच लागते. (नाशिक)

झाकणाची रबरी रिंग काढून लिंबाच्या सालीने चोळा, वास तिथेच अडकतो. भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवा, मग धुऊन उन्हात पालथं. आणि खरं सांगू, लहान भांडं वेगळं घ्या, माझ्याकडे तीन आहेत, तरी परवा श्रीखंडात लसूण लागलीच.