घंटागाडीच्या बॉडीवरून पेटंटची नोटीस आलीय, उत्पादन थांबवू का?

तुम्ही नगरपालिकेच्या टेंडरसाठी ओल्या-सुक्याच्या दोन कप्प्यांची टिपर बॉडी बनवली आणि दुसऱ्या फॅब्रिकेटरच्या वकिलाची नोटीस आली, की 'हे आमचं डिझाइन पेटंट आहे, काम बंद करा.' लगेच बंद करू नका. पण नोटीस कचऱ्यातही टाकू नका.

भोसरीत माझं बॉडी बिल्डिंगचं वर्कशॉप आहे आणि मीही यातून गेलोय. दोन रात्री झोप नव्हती. मग वकिलाने विचारलं, "त्यांच्याकडे कागद नेमका कुठला आहे?" नोटिशीतला नंबर पेटंट ऑफिसच्या साइटवर टाकला, तर निघाला नुसता अर्ज! पेटंट मंजूर होईपर्यंत दावा लावता येत नाही. मंजूर झालंच, तर अर्ज प्रसिद्ध झाल्या दिवसापासूनची भरपाई मात्र मागता येते. म्हणून अगदी निर्धास्तही राहू नका.

'डिझाइन पेटंट' हा अमेरिकेतला शब्द. आपल्याकडे दोन वेगळे कायदे आहेत. 2000 च्या डिझाइन कायद्यात फक्त डोळ्यांना दिसणारं रूप येतं, मुदत 10 वर्षं आणि वर 5. यंत्रणा कशी चालते ते पेटंटमध्ये, 20 वर्षं. वार्षिक फी भरली नसेल तर पेटंट संपुष्टात आलेलं असू शकतं, तेही बघून घ्या.

पेटंट खरंच असेल तर चित्रं बघून घाबरू नका, शेवटी छापलेले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं, वाचा. मी टेप घेऊन गाडीखाली शिरलो होतो, वरून लीचेट म्हणजे कचऱ्याचं घाण पाणी ठिबकतंय आणि मी बिजागरी मोजतोय! त्यांच्या अर्जातल्या क्लेममध्ये एकच सिलिंडर आणि मधली खिटी दोन्ही कप्पे उलटवत होती. आमच्याकडे दोन कप्प्यांना दोन स्वतंत्र सिलिंडर. तिथेच बराचसा निकाल लागला. कप्पे वेगळे असणं ही काही कुणाची मालकी नाही, ओला-सुका वेगळा ठेवा असं घनकचरा नियमच सांगतात.

मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा खटलाही वकिलाला विचारा. लेथवर भांडं धरायच्या युक्तीचं पेटंट होतं. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उडवलं, कारण ती जुन्याच साधनात वर्कशॉपमध्ये केलेली सुधारणा होती, शोध नव्हता. आपल्या धंद्यातली निम्मी 'पेटंटं' याच जातीची, असं माझं मत.

त्यांच्या अर्जाच्या तारखेआधीची तुमची बिलं, चलनं, टेंडरची ड्रॉइंग, तारखेचे फोटो आजच गोळा करा. त्याआधी अशीच बॉडी तुम्ही उघडपणे विकली असेल तर त्यांच्या नावीन्यालाच धक्का बसतो. दावा त्यांनी जिल्हा न्यायालयात लावला आणि तुम्ही पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला, की प्रकरण हायकोर्टात जातं. उगाच धमक्या देत असतील तर पेटंट कायद्याच्या कलम 106 खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता, मात्र 'आमचं पेटंट आहे' एवढंच कळवणं म्हणजे धमकी नव्हे.

आम्ही दोन पानी उत्तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, सोबत जुनी चलनं. पोच आली, पुढे काही आलं नाही.