जाहिरातीचे पैसे थांबवा, आधी कुणाला तरी ऑर्डर देताना बघा

ताई, तुमचं वाचलं आणि आमची ती दिवाळी आठवली. लोक तुमच्या कुर्त्यांच्या साइटवर येतात, कुर्ती कार्टमध्ये टाकतात, पैसे भरायच्या आधीच गायब होतात आणि एजन्सी म्हणते जाहिरात वाढवा. आम्हालाही हेच सांगितलं होतं. मी ऐकलं, तीच चूक. ठाण्यात नौपाड्याला आईचा मसाल्यांचा आणि फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. त्या वर्षी चकलीवर जे सुटलं असतं ते सगळं जाहिरातीत गेलं.

घोळ कळला तो योगायोगाने. खालच्या मजल्यावरच्या काकू भाजणी न्यायला आल्या. म्हटलं, मोबाइलवरून मागवून बघा. त्यांच्या फोनने नंबर आपोआप भरला, पुढे +९१ लावून. आमचा फॉर्म फक्त दहा आकडे घ्यायचा. चूक दाखवणारी लाल ओळ पानाच्या पार वर, तीही इंग्रजीत, आणि काकू खाली बटणापाशी. चारदा बटण दाबलं. मग पान पुन्हा उघडलं, तर भरलेला पत्ता पुसलेला. चष्मा काढून म्हणाल्या, "मेलं मलाच जमत नाही. तू आपली अर्धा किलो बांधून दे." अशा किती जणी न बोलता निघून गेल्या असतील!

साइट बनवणाऱ्या एजन्सीत गेलो तर उत्तर मिळालं, "युजरने नंबर नीट टाकायला हवा." बदल हवा तर वेगळं बिल. कोटेशनमध्ये 'यूआय-यूएक्स' (म्हणजे साइट दिसते कशी आणि वापरायला कशी वाटते ते) अशी स्वतंत्र ओळ होती हो, तिचे पैसेही मोजले होते! त्यात मिळालं काय, तर होमपेजवर सरकणारे फोटो. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये असताना 'यूजर एक्स्पिरियन्स' (हेच ते यूएक्स) हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यात वस्तूसोबतच्या माहितीपुस्तिकेपर्यंत सगळं धरलं होतं. इथे एक लाल ओळ खाली आणायला तयार नाहीत. जाऊ दे, नाव घेत नाही.

मी डिझायनर नाही, तुमचा घोळ वेगळा असू शकतो. डिलिव्हरीचे पैसे शेवटच्या पानावर दिसतात का, आधी खातं उघडायला लावता का, तेही बघा. पण पहिलं काम म्हणजे पाच माणसं धरा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० मध्येच लिहून ठेवलंय की पाच जणांकडून वापरून घेतलं की बहुतेक अडचणी दिसतात. दुरुस्त करा, पुन्हा पाच धरा. ऐरोलीत आयटीत असलेला भाचा नको, त्याला सगळंच जमतं. "एल साइजची निळी कुर्ती मागवा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच फार कठीण. एखादीला ठाणे-वाशी लोकलमध्ये, साध्या फोनवर करायला लावा.

आणि हो, डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर आहे ना, आजच तपासा. आमचं नव्हतं, त्याची कथा परत कधीतरी.

आमचा फॉर्म शेवटी एका ओळखीच्या मुलाने दुपारभरात नीट केला. पुढच्या दिवाळीत ऑर्डरी वाढल्या, पण तेव्हा चकलीचा भावही उतरवला होता, त्यामुळे सगळं श्रेय फॉर्मला देणार नाही. काकू अजून भाजणी स्वतः येऊनच नेतात.