तीन कॉर्डची लाज कसली?

"गिटारवर तीन कॉर्डचं इतकं सोपं वाजवायची लाज वाटते" म्हणतोस, तर मिरवणुकीतला आपला नाशिक ढोल आठव. ठेका तोच, तासन्‌तास. कधी कंटाळलास? १९७३ साली सिडनीत सुरू झालेल्या एसी/डीसी या रॉक बँडनंही जन्मभर तेच केलं.

आत्ता एवढंच बघ:

– मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून एकच रिफ (गाण्यात परत परत येणारा छोटा तुकडा) दहा मिनिटं वाजव. लय कुठे पळते ते तिथेच कळेल.
– अँप्लिफायरचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) कमी कर. नवखे तो पूर्ण फिरवतात (मीही फिरवायचो, शेजारी साक्षीला आहेत) आणि चुका त्यात लपतात. एसी/डीसीच्या माल्कम यंगचा रिदम गिटार आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच स्वच्छ असायचा.
– दोन कॉर्डमधली शांतता. तारा तळहातानं वेळेवर दाबायला शिक. खरी मेख तिथे आहे.

सोलोचं दिवाळीनंतर बघू.