आधी दोनच रीती, त्याही हाताने

टॉप्सिस, व्हिकोर या भाडं, अंतर अशा अनेक निकषांवर पर्याय निवडायच्या पद्धती सगळ्या एकदम उघडू नकोस. त्याआधी निकषांचे आकडे ० ते १ च्या एकाच मापावर आणायच्या दोन रीती शिक. आधी एकच प्रश्न कागदावर मांड: पणजीत नोकरी, तर भाड्याची खोली कुठे घ्यायची? समजा, भाडं पर्वरीला २०,००० रुपये, म्हापशाला १५,००० आणि फोंड्याला १२,०००.

किमान-कमाल रीतीने, म्हणजे सर्वांत जास्त भाड्यापासूनचा फरक भागिले जास्त-कमी भाड्यांतला फरक, म्हापशाला (हजारांत) (२०−१५)÷(२०−१२), म्हणजे ०.६३ मिळतात, पर्वरीला थेट शून्य. आता सर्वांत कमी भाड्याला प्रत्येक भाड्याने भागून बघ. म्हापसा ०.८०, पर्वरी ०.६०. भाडी तीच, पण इथे पर्वरी अजून शर्यतीत आहे! हे हाताने करून बघितल्याशिवाय पटत नाही.

मग यादीत मिरामारचा ४०,००० चा फ्लॅट घाल. पहिल्या रीतीत म्हापसा ०.८९ वर चढतो, दुसरीत जागचा हलत नाही. नवा पर्याय घातल्यावर जुन्यांचा क्रम उलटू शकतो, त्याची मेख इथे असते.

नवखे चुकतात ते असं:
- भाडं, अंतर यांत कमी ते चांगलं, हे विसरतात.
- हवा तो पर्याय पहिला येईपर्यंत रीत बदलत राहतात. हे अजिबात करू नकोस. रीत आधी ठरव, कारण लिही, मग दुसऱ्या रीतीने पडताळ आणि निकाल वेगळा आला तरी दोन्ही दाखव.

वजनं (कुठला निकष किती महत्त्वाचा), फझी (नेमके नसलेले, अंदाजी आकडे) वगैरे नंतर. आधी ही चार गावं सोडवून मला दाखव.